जेफरसन काउंटीला 'जिल्हा' म्हणावे का? आयोवातील एका ग्रामीण काउंटीची ओळख

माळरान

आपल्याकडच्या वृत्तपत्रांत अमेरिकेतील 'काउंटी'चे भाषांतर सर्रास 'जिल्हा' असे केले जाते. आयोवा राज्याच्या आग्नेय भागातील जेफरसन काउंटीत मी चार वर्षे राहिलो आणि तेव्हापासून हे भाषांतर मला खटकू लागले. ही काउंटी १८३९ साली, म्हणजे आयोवाला राज्याचा दर्जा मिळण्याच्या सात वर्षे आधी स्थापन झाली आणि थॉमस जेफरसन यांचे नाव तिला देण्यात आले. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,१३० चौरस किलोमीटर आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या आहे १५,६६३. आपला सिंधुदुर्ग लहान जिल्हा समजला जातो, पण त्याची लोकसंख्या २०११ मध्ये साडेआठ लाखांच्या घरात होती. म्हणजे जेफरसन काउंटीचा विस्तार एखाद्या तालुक्याएवढा आणि माणसे मात्र एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. अशा ९९ काउंट्या एकट्या आयोवात आहेत.

काउंटीचे मुख्य ठाणे फेअरफील्ड. तेथे ९,४१६ लोक राहतात. बॅटाव्हिया, लिबर्टिव्हिल, लॉक्रिज, पॅकवुड आणि प्लेझंट प्लेन ही बाकीची गावे पाचशेच्या आतली आहेत. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेल्या प्लेझंट प्लेनमध्ये तर शंभर माणसेही नाहीत. तरीही या प्रत्येक गावाला स्वतःचा महापौर आणि निवडलेली परिषद आहे. यांत २००१ साली आणखी एका नगराची भर पडली, त्याचे नाव महर्षी वैदिक शहर. (होय, हे अधिकृत नाव आहे.) या सर्व गावांच्या हद्दीबाहेर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत विखुरलेली जी घरे आहेत, त्यांना महापौर किंवा परिषद नाही, त्यांच्यासाठी काउंटी हीच ग्रामपंचायत आणि काउंटी हेच जिल्हा मुख्यालय.

माझा प्रश्न असा आहे की अशा घटकाला मराठीत काय म्हणावे? आणि ज्यांनी अशा ग्रामीण काउंटीत वास्तव्य केले आहे, त्यांना तेथील लोक परस्परांना कशाने बांधलेले दिसले?

दप्तरी

मी महसूल खात्यात सव्वीस वर्षे काढली असल्यामुळे मला गावांपेक्षा कचेऱ्यांत अधिक रस आहे. तुमचा धागा वाचल्यावर आयोवातील काउंटीची रचना तपासून पाहिली आणि एका गोष्टीने चकित झालो. आपल्याकडे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तहसीलदार हे सर्व नेमलेले अधिकारी असतात आणि लोकांनी निवडून दिलेली जिल्हा परिषद त्यांच्या शेजारी १९६२ पासून वेगळी नांदते. तिकडे मात्र शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, निवडून येतो, कोषाधिकारी निवडून येतो, सरकारी वकीलही निवडून येतो. मतदारयाद्या, मतदान आणि करआकारणीचे दप्तर सांभाळणारा ऑडिटर, आणि जमिनीची खरेदीखते व जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी ठेवणारा रेकॉर्डर, हेही लोकांच्या मतांवर बसतात. या सर्वांबरोबर कारभार पाहते ते पर्यवेक्षक मंडळ. जेफरसन काउंटीत त्यात तीन सदस्य आहेत आणि त्यांची मुदत चार वर्षांची असते.

कामांच्या यादीवरून पाहिले तर तलाठ्यापासून जिल्हा परिषदेपर्यंतचे सर्व स्तर एका इमारतीत कोंबल्यासारखे दिसतात. तरीसुद्धा एकच मराठी शब्द वापरायचा झाला, तर आकारमानाचा विचार करून मी 'तालुका' म्हणेन.

चिंचेची_सावली

दप्तरीकाका, फेरफाराची नोंद करणाऱ्याला दर चार वर्षांनी मते मागत दारोदार फिरावे लागते, या नुसत्या कल्पनेनेच माझ्या वडिलांना आज सुखाची झोप लागेल. आमचा एक फेरफार सहा वर्षे रखडला होता.

दप्तरी

चिंचेची_सावली, आमच्या वेळी असे होत नव्हते, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो.

आयोवाकर

मी शेजारच्या काउंटीत गेली एकोणीस वर्षे राहतो आणि पशुखाद्याच्या व्यवसायानिमित्त जेफरसनमध्ये आठवड्यातून दोनदा तरी जाणे होते. माळरान यांनी लोकसंख्या सांगितली, पण तेथील भूमीचा आकार समजल्याशिवाय ती विरळ का आहे हे कळणार नाही. साउक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांकडून १८३० च्या दशकातील करारांनी ही जमीन काढून घेतल्यावर सरकारी मोजणीदारांनी तिच्यावर अक्षरशः बुद्धिबळाचा पट आखला. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्यात एक-एक चौरस मैलाचे ३६ विभाग, प्रत्येक विभाग ६४० एकरांचा आणि त्याचा चौथा हिस्सा १६० एकरांचा. एका कुटुंबाची शेती म्हणजे असा एक चौथा हिस्सा, अशी त्या काळची धारणा होती. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा दीड हेक्टरचीही नाही. तेथे सुरुवातच ६४ हेक्टरांपासून झाली.

त्यामुळे आपल्यासारखी गावठाणात घरे आणि भोवती शिवार अशी रचना तेथे कधी झालीच नाही. प्रत्येक शेतकरी आपापल्या जमिनीवर राहतो आणि शेजारी अर्ध्या मैलावर असतो. खडीचे रस्तेही विभागांच्या सीमेवरून, मैलामैलावर, काटकोनात जातात. पुढे यंत्रे मोठी होत गेली, एका कुटुंबाला हजार एकर झेपू लागले आणि मधली घरे ओस पडली. जुन्या नकाशावर जर्मनव्हिल, ग्लासगो, ॲबिंग्डन, पर्ली, सलायना अशी नावे आढळतात. आज त्यांतील काही ठिकाणी चार घरे आणि एक दफनभूमी एवढेच शिल्लक आहे. मला अनेकदा वाटते की या काउंटीचा खरा इतिहास वस्त्यांपेक्षा दफनभूम्यांच्या दगडांवर अधिक नीट वाचता येतो.

उंबरठा

महर्षी वैदिक शहराचा उल्लेख करून माळरान पुढे निघून गेले, हे बरोबर नाही. मक्याच्या शेतात वैदिक शहर कोठून आले, हे कोणीतरी नीट सांगावे. तेथे खरोखरच वास्तुशास्त्राप्रमाणे घरे आहेत का?

माळरान

उंबरठा, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. फेअरफील्डमध्ये १८७५ पासून पार्सन्स कॉलेज नावाचे एक खासगी महाविद्यालय होते. १९५५ नंतर त्याच्या एका महत्त्वाकांक्षी अध्यक्षांनी, अन्य महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनाही मुक्तहस्ताने प्रवेश देऊन, काहीशे विद्यार्थ्यांची ती संस्था सुमारे पाच हजारांवर नेली. १९६७ मध्ये तिची मान्यता गेली आणि १९७३ मध्ये ती बंद पडली. दहा हजारांच्या आतल्या गावात एवढा मोठा परिसर एकाएकी रिकामा झाला, तेव्हा दुकानदारांवर आणि घरमालकांवर काय प्रसंग ओढवला असेल याची कल्पना करा. त्याच सुमारास भावातीत ध्यानाचे प्रवर्तक महर्षी महेश योगी यांचे विद्यापीठ कॅलिफोर्नियात भाड्याच्या जागेत चालू होते आणि त्याला कायमचे ठिकाण हवे होते. १९७४ मध्ये ते फेअरफील्डला आले. म्हणजे या गाठीमागे आध्यात्मिक योजना होती असे कोणी म्हणो, मला तरी ती मुख्यतः रिकाम्या इमारतींची गोष्ट वाटते.

सामूहिक ध्यानासाठी १९८० व १९८१ मध्ये दोन सोनेरी घुमट उभे राहिले, एक पुरुषांसाठी आणि एक स्त्रियांसाठी. जगभरातील साधक येथे घरे घेऊन राहू लागले. त्यानंतर दोन दशकांनी त्यांच्यापैकी काहींनी फेअरफील्डच्या उत्तरेला शेतजमीन घेऊन स्वतंत्र नगर स्थापन केले. तेथील घरांची दारे पूर्वेला आहेत, मध्यभागी ब्रह्मस्थान मोकळे ठेवलेले असते आणि छपरावर कलश असतो. रासायनिक शेतीतून आलेल्या अन्नाच्या विक्रीला नगराने बंदी केली, आणि 'राम' नावाचे, देवनागरी अक्षरे असलेले चलनही काही काळ चालवले.

उंबरठा

धन्यवाद. आमच्या सोसायटीत दक्षिणमुखी सदनिका विकली जात नाही म्हणून रडणाऱ्या सर्वांना हा प्रतिसाद मी आजच पाठवत आहे.

वीटकाम

उंबरठा, हसण्यापूर्वी याची दुसरी बाजूही ऐका. मी व्यवसायाने स्थापत्यविशारद आहे. त्या विद्यापीठाने वास्तुशास्त्राच्या आग्रहापोटी पार्सन्सच्या काळातील अनेक इमारती पाडल्या. १९११ च्या सुमाराचे दगडी बार्हाइट चॅपेलही त्यांतच गेले. ज्यांची लग्ने त्या चॅपेलमध्ये झाली होती, त्या जुन्या रहिवाशांना आणि वास्तुवारसा जपणाऱ्यांना हे फार लागले. जागेचा मालकी हक्क विद्यापीठाचा होता, यात शंका नाही. पण एखाद्या गावाच्या सामायिक स्मृतीचा मालक कोण, हा प्रश्न सातबाऱ्यावर सुटत नाही. दारे कोणत्या दिशेला असावीत यासाठी शंभर वर्षांच्या सुस्थितीतील इमारती पाडणे मला व्यावसायिक दृष्ट्याही पटत नाही.

परतीचा_पाऊस

माझा अनुभव निराळा आहे, म्हणून लिहिते. त्या विद्यापीठात संगणकशास्त्राचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९० च्या दशकापासून चालू आहे. त्यात काही महिने वर्गात शिकायचे आणि नंतर अमेरिकेतील एखाद्या कंपनीत पगारी प्रशिक्षण घेत शुल्क फेडायचे, अशी सोय असते. माझे यजमान त्यासाठी गेले आणि मीही बरोबर गेले. नेपाळ, इथिओपिया, भारत, मंगोलिया अशा देशांतील तरुण कुटुंबे आमच्या शेजारी होती. ध्यानाच्या तत्त्वज्ञानावर श्रद्धा असणारे त्यांत थोडे आणि नोकरीची वाट पाहणारे पुष्कळ होते.

फेअरफील्डच्या मध्यभागी एक चौकोनी उद्यान आहे आणि भोवती विटांची जुनी दुकाने आहेत. त्या दुकानांच्या रांगेत भारतीय जेवण मिळते, एवढ्या लहान अमेरिकन गावात ही मोठी चैन होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तेथे कलादालने उशिरापर्यंत उघडी असतात आणि सारे गाव फिरायला निघते. मात्र जानेवारीत उणे वीस अंश तापमानात, मोटार नसताना, बाळाला घेऊन किराणा आणायला जाणे म्हणजे काय, ते मी विसरणार नाही. कॅलिफोर्निया झेफर ही शिकागोची आगगाडी फेअरफील्डमधून भोंगा वाजवत रोज जाते, पण थांबते ती पूर्वेला माउंट प्लेझंटला किंवा पश्चिमेला ऑटम्वाला, आणि ती दोन्ही ठाणी दुसऱ्या काउंट्यांत आहेत. तिच्या भोंग्यावर मी भाताचा कुकर बंद करीत असे.

सहजच

परतीचा_पाऊस, आमच्या गावातूनही कोकणकन्या अशीच निघून जाते. फरक एवढाच की आमच्याकडे तिच्या वेळेवर कुकर लावला तर भाताचा कोळसा होईल.

जुनी_पत्रे

मूळ विषय एका समूहाकडेच कलंडतो आहे, असे मला वाटते. जेफरसन काउंटीत 'बाहेरून आलेले' लोक १९७४ मध्ये पहिल्यांदा आले नाहीत. १८४५ मध्ये पीटर कॅसल हा स्वीडिश गृहस्थ नातेवाईक आणि शेजारी अशा छोट्या गटाला घेऊन येथे आला आणि लॉक्रिजजवळ त्यांनी 'न्यू स्वीडन' ही वस्ती केली. आयोवातील ही स्वीडिश लोकांची पहिली कायमची वसाहत. कॅसलने मायदेशी पाठवलेली पत्रे तिकडच्या वर्तमानपत्रांत छापली गेली आणि ती वाचून पुष्कळ शेतकऱ्यांनी जहाज पकडले. त्यांचीही भाषा वेगळी होती, चर्च वेगळे होते आणि सुरुवातीला तेही आपापसांतच राहत होते. आज त्यांचे वंशज 'मूळचे' म्हणून ओळखले जातात.

आणखी दोन गोष्टी नोंदवतो. आज देशभर गाजणारी आयोवाची राज्य जत्रा प्रथम १८५४ मध्ये फेअरफील्डलाच भरली होती. राजधानी डे मॉइनमधील आजच्या जागी ती स्थिरावली १८८६ मध्ये. आणि फेअरफील्डच्या विल्यम लाउडन यांनी १८६७ मध्ये, गोठ्याच्या माळ्यावर वैरण चढवून रुळावरून आत सरकवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यापूर्वी माणसे ती काट्याने वर फेकत असत. वैरण अशी सहज उंचावर जाऊ लागल्यावर मोठमोठे माळे असलेले उंच गोठे बांधणे सोयीचे झाले. फेअरफील्डच्या दक्षिणेला मासडॅम कुटुंबाचे जुने गोठे जतन केलेले आहेत, ते वीटकाम यांनी जरूर पाहावेत.

आयोवाकर

जुनी_पत्रे यांच्याशी मी सहमत आहे, पण पूर्णपणे नाही. स्वीडिश मंडळी आली तेव्हा सगळेच नवे होते आणि सगळेच नांगर धरणारे होते. १९७४ नंतरच्या लोकांचे तसे नव्हते. स्थानिक लोक त्यांना 'गुरू' शब्दाचे शेपूट धरून 'रू' म्हणत आणि ते स्थानिकांना 'टाउनी' म्हणत. १९९२ मध्ये साधकांनी स्वतःचा नॅचरल लॉ पक्ष काढला, त्याचे मुख्यालय फेअरफील्डलाच होते आणि विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जॉन हेगलिन तीनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. आता मात्र दुसरी-तिसरी पिढी एकाच क्रीडामैदानावर वाढली आहे आणि ती नावे चेष्टेपुरतीच उरली आहेत. मतदानात अजूनही काउंटी जवळजवळ दुभंगलेली दिसते. २००८ व २०१२ मध्ये तिने ओबामांना कौल दिला आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना, तोही अगदी थोड्या मतांनी.

माळरान यांनी विचारले आहे की हे लोक कशाने बांधलेले आहेत. माझे उत्तर ऐकून हसू नका: डुकरांनी.

चिंचेची_सावली

हसू नका म्हणता आणि वाक्य तेथेच संपवता?

आयोवाकर

सांगतो. आयोवात माणसे बत्तीस लाखांच्या आसपास आणि डुकरे दोन कोटींहून अधिक आहेत. ती आता उघड्यावर नसतात. लांबलचक बंद गोठ्यांत, फटी असलेल्या जमिनीवर ती वाढतात, त्यांचे मलमूत्र खालच्या खोल टाकीत साठते आणि शरद ऋतूत शेतांत पातळ खत म्हणून सोडले जाते. ज्याच्या घराच्या वाऱ्याच्या दिशेला असा गोठा येतो, तो ध्यान करणारा असो वा ट्रॅक्टर चालवणारा, त्याला खिडकी सारखीच लावून घ्यावी लागते. २००५ मध्ये येथील शेतकरी आणि शेजारी यांनी मिळून 'जेफरसन काउंटी फार्मर्स अँड नेबर्स' ही संघटना काढली, तिच्या सभांना दोन्ही बाजूंचे लोक मी पाहिले आहेत.

पण यातून दप्तरीकाकांना आवडेल असा मुद्दा निघतो. निवडून दिलेल्या पर्यवेक्षक मंडळाला असा गोठा नाकारण्याचा अधिकारच नाही. १९९५ च्या राज्य कायद्याने काउंट्यांना पशुपालनावर स्वतःचे नियम करण्यास मनाई केली, आणि हंबोल्ट नावाच्या काउंटीने तरीही प्रयत्न केला तेव्हा १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हाणून पाडला. मोठ्या गोठ्यांच्या परवान्याचे अर्ज जोखण्यासाठी ८८० गुणांचा एक तक्ता असतो. काउंटीने तसा वार्षिक ठराव केला असेल तर तिला अर्ज तपासून शिफारस करता येते, मात्र अंतिम निर्णय राज्याचा. शिवाय एकूण ४४० गुण आणि तक्त्याच्या प्रत्येक भागात किमान पाव गुण मिळाले की अर्जदार उत्तीर्ण. हा तक्ता लागू होतो तो साधारण २,५०० डुकरांपासून पुढे. त्यामुळे २,४९९ डुकरांचे गोठे का बांधले जातात, हे तुम्ही ओळखाल.

माझे बरेच ग्राहक हेच गोठेवाले आहेत, हेही सांगितले पाहिजे. मक्याच्या भावावर कर्ज फिटत नाही, तेव्हा करारावर डुकरे वाढवणे हाच घरच्या मुलाला गावात ठेवण्याचा मार्ग असतो. त्यांना खलनायक ठरवणे मला जमत नाही.

दप्तरी

२,४९९! आमच्याकडे जमीनधारणा कायद्याच्या मर्यादेच्या एक गुंठा खाली असलेली कितीतरी कुटुंबे मला आठवली. कायदा कोठलाही असो, त्याच्या रेषेला टेकून उभी राहणारी माणसे सारखीच.

आकडेमोड

माळरान यांनी दिलेल्या लोकसंख्येवरून 'ग्रामीण अमेरिका ओस पडत आहे' असा निष्कर्ष काढण्याआधी थोडी वजाबाकी करावी. काउंटीची लोकसंख्या २०१० मध्ये १६,८४३ होती, म्हणजे दहा वर्षांत ती १,१८० ने घटली. त्याच दहा वर्षांत फेअरफील्ड ९,४६४ वरून ९,४१६ वर आले, म्हणजे फक्त ४८ ची घट. मात्र महर्षी वैदिक शहर १,२९४ वरून २७७ वर आले! काउंटीने गमावलेल्या १,१८० पैकी १,०१७ माणसे त्या एका चिमुकल्या नगरातून वजा झाली आहेत. बाकी सर्व गावे आणि शेते मिळून ११५ कमी झाली.

परतीचा_पाऊस

आकडेमोड, त्याचे कारण मी सांगू शकते. भारतातून वेदपठणासाठी शेकडो तरुण पंडितांना तेथे आणून स्वतंत्र वसाहतीत ठेवले होते. २०१० ची गणना त्यांच्या भराच्या काळात झाली. मार्च २०१४ मध्ये एका पंडिताला परत पाठवण्यावरून तेथे गडबड झाली आणि शेरीफच्या गाडीवर दगडफेकही झाली. ती बातमी भारतातही पोचली होती. पुढे ती संख्या उतरत गेली. ही मुले काउंटीत होती, तिच्या जनगणनेत होती, पण बाजारात, शाळेत किंवा मतदानात कोठेच नव्हती. 'लोकसंख्या' आणि 'समाज' हे दोन वेगळे शब्द का आहेत, ते मला तेव्हा कळले.

माळरान

आकडेमोड यांची वजाबाकी पाहून मी माझ्या पहिल्या लेखनातील लोकसंख्येकडे नव्याने पाहिले. शब्दाविषयी म्हणाल तर 'तालुका' हा दप्तरीकाकांचा पर्याय आकाराला बरोबर बसतो, पण तालुक्याला शेरीफ नसतो, न्यायालयात आरोपपत्र घेऊन जाणारा निवडलेला वकील नसतो आणि काउंटीच्या मालकीचे, निवडलेल्या विश्वस्तांनी चालवलेले रुग्णालयही नसते. उलट 'जिल्हा' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर लाखो माणसे आणि जिल्हाधिकाऱ्याची गाडी येते. त्यामुळे 'काउंटी' हाच शब्द ठेवावा, असे मी आता म्हणेन.

लोक कशाने बांधले गेले आहेत, यावर आयोवाकर यांची डुकरे मला मान्य आहेत; त्यांत माझी एक भर. चौकापासून थोडे बाजूला १८९३ च्या सुमाराचे लाल रंगाचे न्यायालय आहे. सप्टेंबरात आणि मार्चमध्ये मालमत्ताकराचे हप्ते भरायचे असतात. त्या दिवसांत त्या एका रांगेत मी टोपीवाले शेतकरी, पांढऱ्या कपड्यांतले साधक आणि नव्याने घर घेतलेले इथिओपियन दांपत्य, सगळ्यांना एकामागे एक उभे पाहिले आहे. संभाषणाचा विषय एकच असे, तो म्हणजे कर किती वाढला.

सहजच

माळरान, काउंटी शब्द ठेवायला हरकत नाही, पण नकाशात कॉपक नावाचे गाव दिसले. पन्नासही माणसे नाहीत आणि ते जेफरसन, हेन्री आणि वॉशिंग्टन अशा तीन काउंट्यांत विभागलेले आहे. तेथल्या माणसाने चोरीची तक्रार करायची झाली तर कोणत्या शेरीफकडे जायचे?

आयोवाकर

चोर कोणत्या अंगणात उभा आहे त्यावर. कॉपकला मी एकदा खाद्याची गाडी घेऊन गेलो होतो, पावतीवर काउंटीचे नाव लिहायचे होते, म्हणून आजोबांना विचारले, तर ते म्हणाले, "घर कोणत्यात आहे ते विचारतोस, की गोठा?"